सोनगळ्या राघूंचं रान

फार जुन्या काळी एका राज्यात सोनेरी गळ्याचे राघू राहत. जुन्या झाडांच्या ढोलीत ते घर करत. जगात दुसऱ्या कुठल्या रानात ते नव्हते.

राणीने एक राघू पाळला. तो माणसासारखं बोलू लागला, तशी राजधानीत घरोघरी राघू पाळायची हौस शिरली. रानाकाठच्या गावातला हैबती ढोलीतली पिल्लं काढून राजधानीत विकू लागला. हात पोचला नाही, तर तो झाडच तोडी. पिशवीत कोंबलेली बरीच पिल्लं वाटेत मरत. ती ओढ्यात टाकून तो पुढे जाई.

त्याची सासू गोजरा एकदा म्हणाली, "पाव्हणं, यंदा ढोलीला हात लावू नका. थव्यात आता सगळे म्हातारेच दिसतात."

"मी सोडली तर दुसरा कुणी नेईल, मामी."



त्या वर्षी एका ढोलीतली मादी पिल्लं सोडून उडेना. हैबतीचा हात तिने रक्तबंबाळ केला. त्याने तिलाही पिशवीत घातलं.

पुढच्या वर्षी तो रानभर हिंडला. राघू दिसला नाही, ऐकूही आला नाही. राघू डोंगरापलीकडे गेले असतील, अशी त्याने मनाची समजूत घातली. मग तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांमधून चालताना ती समजूत टिकेना. तो खाली बसला.

राजधानीत हातापाया पडून त्याने एक जोडी परत मिळवली आणि रानात आणून पिंजरा उघडला.

"जा बाबांनो," तो म्हणाला.

उंबर पिकले होते, पण ते खायचे असतात हे त्या जोडीला ठाऊक नव्हतं. नर चालत त्याच्या पायाशी आला आणि माणसाच्या आवाजात म्हणाला, "दाणा दे."

तेवढ्यात शिक्रा हा शिकारी पक्षी झेपावला. पळायचं कसं, हे नराला कुणी शिकवलंच नव्हतं; शिक्र्याने त्याला उचलून नेलं. मादी घाबरून पिंजऱ्यात शिरली. हैबतीने दार लावलं.

ती त्याच्या घरी म्हातारी झाली. नर नसल्याने तिच्या अंड्यांतून कधी पिल्लू निघालं नाही. एका सकाळी ती पिंजऱ्यात मरून पडलेली दिसली.

काही दिवसांनी राजवाड्यातून माणूस आला. "राणीसाहेबांचा राघू गेला. नवा हवाय."

"आता राहिला नाही," हैबती म्हणाला.

"बरं. मग तुमच्या रानात आणखी कोणता पक्षी बोलतो?"

हैबतीने पाठ फिरवली. शेजारच्याने मात्र पुढे होऊन मैनेचं नाव सांगितलं.

लाडापायी ज्याला आपण त्याच्या रानातून उचलून आणतो, त्याचा वंश आपल्याच हातून बुडतो.