इनासमामाची गिटार सासरी जाते

वसईकडच्या एका गावात बस्त्याव नावाचा एक भोळा भाचा होता. भोळा हे आपलं चारचौघांत म्हणायचं. गावात त्याच्यासाठी दुसरा शब्द होता.

तो मामाकडे राहायचा. इनासमामा हाताने गिटारी बनवायचा. आता त्याची नजर अधू झाली होती, त्यामुळे नुकतीच पुरी झालेली गिटार ही शेवटचीच. पाठ शिसवीची, पुढची पाटी देवदाराची, आणि इतकी पातळ की टिचकी मारली तर बराच वेळ घुमायची. मामाच्या घरातून चांगल्या ठिकाणी जायच्या दोनच गोष्टी राहिल्या होत्या. एक ही गिटार आणि दुसरी त्याची आईवेगळी मुलगी फिलू.

एकदा बाजारात जाताना मामा म्हणाला, "कोणी बघायला आलं तर उजेडात आणून दाखव. पुढून दाखव, मागून दाखव. टिचकी मारायला सांग. आणि एकही सांधा ढिला नाही म्हणावं."

बस्त्यावने मान हलवली. मान तो फार छान हलवायचा.

बघायला आले ते फिलूला. शेजारच्या गावचा मुलगा आणि त्याचे आईवडील. बस्त्यावने फिलूला चहाच्या ट्रेसकट अंगणात उन्हात उभं केलं. पुढून दाखवली. मागून दाखवली.

"एकही सांधा ढिला नाही," तो मुलाच्या आईला म्हणाला. "टिचकी मारून बघा."

टिचकी मारायची वेळ आली नाही. फिलूने ट्रे त्याच्याच डोक्यात घातला. बराच वेळ घुमला. मुलाची मात्र हसून मुरकुंडी वळली आणि लग्न करीन तर हिच्याशीच, असं तो तिथेच म्हणाला. कसं जमलं ते जमलं, त्यात बस्त्यावचा काही हात नव्हता.

बाजारातून आल्यावर हे ऐकून मामाने कपाळाला हात लावला. "अरे गाढवा, घरातलं माणूस असं दाखवतात का? मागायला कोणी आलं तर आपण चौकशी करायची. माणूस पितो का, सासू कजाग आहे का. मगच द्यायची."

बस्त्यावने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मामा घरात नसताना रॉकीमास्तर गिटार घ्यायला आले. चर्चमध्ये गिटार तेच वाजवायचे आणि त्यांच्या तोडीचा वाजवणारा आसपास नव्हता. सणाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मोठ्या प्रार्थनेला, आपली शेवटची गिटार मास्तरांच्या हातात वाजावी आणि आपण ती पहिल्या बाकावर बसून ऐकावी, एवढं एकच मामाला हवं होतं.

मास्तरांनी गिटारीला हात लावला, तोच बस्त्यावने विचारलं, "पिता का?"

मास्तर ओशाळून म्हणाले, सणासुदीला थोडी.

"आई कजाग आहे का?"

मास्तरांची आई वारून वर्षही झालं नव्हतं. ते उठून चालू लागले. मामाला त्यांच्या घरी जाऊन माफी मागावी लागली, तेव्हा कुठे त्यांनी गिटार घेतली.

पुढे फिलूचं लग्न झालं. ती सासरी निघाली तसा बस्त्याव भोकाड पसरून रडू लागला. मामाचे डोळेही भरले होते. तरी त्याने समजूत काढली. दिली म्हणजे काही ती तुटली नाही, सणाला माहेरी आणायची असते, तूच जाऊन घेऊन ये. तिकडचे राहू दे म्हणतील, त्यांचं ऐकायचं नाही.

बस्त्यावने डोळे पुसले आणि मान हलवली.

सणाचा दिवस उजाडला. चर्च भरलं होतं. मामा पहिल्या बाकावर कान देऊन बसला होता. मास्तरांनी गिटार मांडीवर घेतली. तेवढ्यात बस्त्याव मधल्या वाटेने सरळ चालत आला आणि त्याने गिटारीची मान धरली.

"सणाला माहेरी न्यायला आलोय."

मास्तर कुजबुजले, राहू दे रे, मिस्सा चालू आहे. ऐकायचं नाही, हे बस्त्यावला ठाऊक होतं. तो ओढू लागला. मास्तर ओढू लागले. फादर वाचता वाचता थांबले. त्या शांततेत मामाला आपल्या शेवटच्या गिटारीचा आवाज ऐकू आला. तो तार तुटल्याचा होता.

मामाने त्याला कान धरून बाहेर काढलं. "दिलं ते दिलं. आपल्या घरातून एकदा गेलं की संपलं. परत आणायचं नाही. स्वतःहून दारात आलं तरी आत घ्यायचं नाही. कळलं?"

बस्त्यावने मान हलवली. मामा तार बदलायला आत गेला आणि बस्त्याव घरी आला.

थोड्या वेळाने फिलू आली. सणाची नवी साडी, हातात मिठाईचा डबा, मागे नवरा. बस्त्यावने तिला लांबूनच पाहिलं आणि दाराला कडी लावली.

फिलूने दार ठोठावलं, हाका मारल्या, शेवटी पायरीवर बसून रडू लागली. नवरा बिचारा खिडकीशी येऊन विचारू लागला की आमचं काही चुकलं का.

बस्त्यावने खिडकी बोटभर उघडली.

"दिली ती दिली," तो म्हणाला. "आवाज बिघडला असेल तर मामा तार बदलून देईल. पण परत घेणार नाही."