राजाची दुतोंडी आगटी

"राणीला ऊब मिळालीच पाहिजे, पण मला तिचं तोंड दिसता कामा नये!" राजा धीरसेनाने हुकूम सोडला आणि भागूजी गवंड्याच्या हातातली थापी खाली पडली.

भांडण झालं होतं सोंगट्यांवरून. राजा म्हणे, राणीने कवड्या हळूच उलटवल्या. राणी म्हणे, राजाने मेलेली सोंगटी गुपचूप पटावर ठेवली. दोघंही खरंच बोलत होती, म्हणून भांडण मिटेना! राणी कनकावती उशी बगलेत मारून शेजारच्या दालनात राहायला गेली. गड उंचावर, दिवस पौषाचे, आणि भिंतीत बांधलेली आगटी नेमकी राजाच्या दालनात. भिंतीपलीकडून राणीच्या शिंका ऐकू येऊ लागल्या. राजाचा जीव खालीवर होत होता, पण तसं कबूल करील तर तो धीरसेन कसला!

"मला तिची काळजी नाही हं," तो प्रधानाला म्हणाला. "तिच्या शिंकांनी माझी झोपमोड होते, एवढंच."

म्हणून हा हुकूम. आगटी एकच राहावी, पण ती दोन्ही दालनांत उघडावी. धूर कुठेच येऊ नये. आणि आगटीतून राजाला राणीचा चेहरा दिसू नये, राणीला राजाचा दिसू नये!

बिचाऱ्या भागूजीने आगटीची मागची भिंत फोडली आणि दोन्हीकडे दाराएवढी तोंडं ठेवली. विस्तव पेटवला मात्र, दोन्ही दालनांत धूर कोंडला. खोकत, डोळे चोळत राजाने पाहिलं, तर समोर राणी! तीही खोकत होती. तिने फणकाऱ्याने मान फिरवली आणि राजा भडकला.

"टाका याला कोठडीत! संक्रांतीपर्यंत कोणी हे काम करून दाखवलं तर सुटेल. नाहीतर गड सोडायचा आणि थापीला पुन्हा हात लावायचा नाही!"

भागूजीची मुलगी येसू बापाला चुना कालवून द्यायची. हात चालायचा त्याच्या दुप्पट तिची जीभ चालायची. ती कोठडीच्या गजांशी येऊन बसली. बापाचा उतरलेला चेहरा पाहून तिला रडू आलं, पण तिने ते गिळलं.

"बा, काम झकास केलंस. तोंडं तेवढी मोठी ठेवलीस."

"दोन दालनं तापवायची होती, पोरी!"

"मोठ्या तोंडातून धूर बाहेर येतो, बा. आणि नजर आत जाते," येसू म्हणाली आणि तडक दरबारात गेली.

"महाराज, आगटी मी बांधते. पण आधी एक सांगा. आपण दालनात उभे असाल, नाहीतर आसनावर बसलेले असाल. तेव्हा राणीसाहेबांचा चेहरा दिसला नाही, म्हणजे अट पाळली ना?"

"हा काय प्रश्न झाला?" राजा खेकसला. "राजा उभा असतो, नाहीतर बसलेला असतो. तिसरं काय करणार?"

"तेच विचारत होते!" येसू म्हणाली.

तिने दोन्ही तोंडं वरून बुजवत आणली, ती थेट गुडघ्याच्या खाली. विस्तव पेटला. धूर मुकाट्याने धुराड्यातून वर गेला आणि ऊब तेवढी दोन्हीकडे पसरली. राजा उभा राहिला. चेहरा नाही. बसला. तरी नाही. दिसली फक्त राणीची पावलं, पैंजण वाजवत शेकणारी!

"पावलं दिसतात!" राजा म्हणाला.

"पावलांबद्दल अट नव्हती, महाराज."

"हं. संक्रांतीपर्यंत पाहू. तोवर तुझा बाप आतच राहील."

संक्रांतीला दरबार भरला. राणी बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसली होती. भागूजीला हात बांधून आणलं होतं. येसू निर्धास्त होती, पण राजा लालबुंद होऊन आला.

"फसवणूक! काल संध्याकाळी मला आगटीतून राणीचा चेहरा स्पष्ट दिसला! वर तिने मला जीभ काढून दाखवली!"

भागूजीने डोळे मिटून घेतले. येसूने मात्र पदर खोचला.

"महाराज, तेव्हा आपण उभे होता?"

"नाही."

"मग आसनावर बसला होता?"

"न... नाही."

"आगटीचं तोंड गुडघ्याच्या खाली आहे. पलीकडे पाहायचं तर जमिनीला गाल टेकावा लागतो. आपणच म्हणाला होता, राजा तिसरं काय करणार?"

प्रधानाला एकाएकी खोकला आला. राजा गडबडला. "मी... माझी सोंगटी घरंगळत आगटीकडे गेली, ती घ्यायला वाकलो!"

"सोंगटी? एकटेच खेळत होता, महाराज?"

आता सगळा दरबार खोकू लागला!

"बरं, आपण सोंगटीसाठी वाकला, असं धरू," येसू म्हणाली. "पण पालथं पडून पलीकडची पावलंच दिसायला हवीत. चेहरा दिसला, म्हणजे पलीकडेही कोणीतरी जमिनीला गाल टेकलाच होता. राणीसाहेबांची सोंगटी कुठे घरंगळली होती?"

तेवढ्यात पडद्याआडून राणी खुदकन हसली. राजाने पडद्याकडे पाहिलं, ओठ दाबले, मिशी चावली, पण जमेना. तो असा खो खो हसला की मुकुट कानावर आला!

"सोडा भागूजीला! आजपासून गडावरचं सगळं बांधकाम या बापलेकीचं!" त्याने गळ्यातला कंठा काढून येसूच्या हातात ठेवला.

त्याच संध्याकाळी राणीची उशी राजाच्या दालनात परत आली. येसू थापी घेऊन हजर झाली.

"महाराज, आता आगटीचं पलीकडचं तोंड बुजवून टाकू?"

राजा-राणी पट मांडून बसली होती. राणीने नुकतीच कवडी टाकली होती आणि राजा ती डोळे बारीक करून पाहत होता.

"खबरदार!" तो मान वर न करता म्हणाला. "हा डाव संपेपर्यंत थांब!"