हैबतरावांनी पाणी मागितले नाही

"स्पर्धा चोख झाली पाहिजे, आणि तीत आमचा मेहुणाच जिंकला पाहिजे!" सोनवडीच्या उदेभान राजाने फर्मावले.

दवंडीवाल्या बाबाजीला दरदरून घाम फुटला. वक्तृत्वस्पर्धा भरवण्याचे लोढणे त्याच्या गळ्यात पडले होते. जिंकेल तो शेजारच्या राज्यात वकील म्हणून जाणार होता आणि राणीसाहेबांना ते पद भावासाठी हवे होते. मागच्या वर्षी या भावाने, म्हणजे हैबतरावांनी, "सभाजनहो" एवढे बोलून पाणी मागितले होते. परीक्षकांनी तेवढ्यावरच डोळे टिपले आणि पहिला नंबर देऊन टाकला! लोकांनी मात्र अशी हुर्यो उडवली की राजाला तोंड लपवायला जागा उरली नाही.

"यंदा मेहुणा हरला किंवा कोणी 'अन्याय' म्हणून ओरडलं, तर बाबाजी, बिऱ्हाड उचलायचं आणि राज्याबाहेर व्हायचं!"

बाबाजीची मुलगी सगुणा पुढे झाली. "होईल की, महाराज! फक्त परीक्षक आणि विषय मी ठरवणार."

स्पर्धेच्या दिवशी तिने भर बाजारातून तीन परीक्षक आणून बसवले: एक तेलीण, एक कुंभार, एक पैलवान. मग सर्वांसमोर विषय सांगितला, "दुसऱ्याच्या घरचा मुक्काम कसा लांबवावा?"

राजपंडितांनी अतिथिधर्मावर श्लोकामागून श्लोक सोडले. पैलवान घोरू लागला. प्रधानजी म्हणाले, "असला प्रकार आम्हांला ठाऊकच नाही!" आणि ढेरी सावरत खाली बसले.

मग हैबतराव उठले. त्यांनी पाणी मागितले नाही. आयुष्यात प्रथमच त्यांना विषय येत होता.

"मंडळी, निघायची गोष्ट निघाली की पोटात कळ आणावी. तेवढ्यानं भागलं नाही, तर ताईजवळ आईची आठवण काढावी. आणि दाजींचा विनोद कितीही शिळा असो, ताट येईपर्यंत हसत राहावं! मी आलो होतो ताईच्या मंगळागौरीला, दोन दिवसांसाठी. आता भाच्याला मिसरूड फुटलंय!"

सभा हसून लोटपोट झाली. तेलीण डोळे पुसत ओरडली, "पयला नंबर ह्यांचाच! माझा भाऊबी असाच हाय!" अन्यायाचे नाव कोणी काढले नाही.

राजा मात्र लालबुंद झाला. "सगुणे, आमच्या मेहुण्याच्या सोयीचा विषय दिलास! याला न्याय म्हणतात?"

"सोयीचा सगळ्यांनाच होता, महाराज. अख्खा दरबार आपल्याकडंच जेवतो. खरं तेवढं ह्यांनीच सांगितलं."

प्रधानजी छताची नक्षी बघू लागले.

"आणि आमचे विनोद शिळे असतात?"

"मला काय ठाऊक, महाराज? मी कधी आपल्या पंगतीला नसते!"

राजाच्या मिशा थरथरल्या. "बरं, हा असला माणूस शेजारच्या राजाकडे जाऊन करणार तरी काय?"

"मुक्काम, महाराज!"

राजा असा खदखदून हसला की मुकुट घसरून कानावर आला. हसता हसताच त्याने हैबतराव इतकी वर्षे ठाण मांडून बसले होते ती हवेली बाबाजीच्या नावे करून टाकली.

जेवणाला अजून बराच अवकाश होता, तरी अख्खा दरबार हसत होता.