चंद्रावर नेणारं कपाट

टीव्हीच्या एका वाहिनीत घारपुरे नावाचे बडे साहेब होते. त्यांच्या होकाराशिवाय एकही मालिका पुढे सरकत नसे, आणि होकार द्यायचा म्हटलं की साहेबांच्या जिवावर येई.

लेखिका रोहिणी कांबळी त्यांच्याकडे अंतराळातली मालिका घेऊन गेली. तिच्या गोष्टीत एक कपाट होतं. आत उभं राहून रिमोटचं बटण दाबलं, की माणूस थेट चंद्रावर!

"पण हे कपाट चालतं कसं?" साहेब कडाडले. "शास्त्र सांगा, शास्त्र! प्रेक्षकांना पटलं पाहिजे. नाहीतर मालिका रद्द."

रोहिणीने कपाळावरचा घाम पुसला. "सांगते साहेब. आधी जरा एसी लावता का?"

साहेबांनी रिमोट दाबला. एसी ढिम्म. त्यांनी रिमोट तळहातावर दोनदा आपटला, झाकण काढून सेल जागच्या जागी गोल फिरवले आणि पुन्हा आपटला. एसी सुरू झाला.

"आपटल्यावर कसा काय चालला?" रोहिणीने विचारलं.

"मला काय माहीत? चालला ना!"

"बस्स, मालिकेतल्या आमच्या कॅप्टनच्या तोंडी हेच वाक्य घालते. तुम्हाला पटलं, तर प्रेक्षकांना का नाही पटणार?"

साहेबांनी सही केली.

पहिला भाग तयार झाला. कॅप्टनने रिमोट आपटला, सेल फिरवले आणि तो चंद्रावर पोचला. साहेबांनी चंद्राबद्दल चकार शब्द काढला नाही. खवळले ते भलत्याच गोष्टीवर.

"एवढा महागाचा रिमोट, आणि त्याला प्लॅस्टिकची पिशवी नाही? हे कुणाला पटेल!"