जाकीट आणि बकुळ

बदलापूरच्या एका सोसायटीत अध्यक्ष दिनकरराव घैसासांच्या शब्दाशिवाय पान हलत नसे. फाटकापाशी त्यांनीच लावलेली बकुळ आता चांगली डेरेदार झाली होती. पण रोपटं असताना तिच्याभोवती बसवलेला लोखंडी पिंजरा खोडात रुतत चालला होता.

"भाऊजी, तो पिंजरा कापून काढा हो," शेजारच्या रेडकरवहिनींनी कितीदा तरी विनवलं.

"वा! माझ्या नावाची पाटी आहे त्यावर. आणि पिंजरा झाडाच्या भल्यासाठीच असतो," दिनकरराव गुरकावत.

वहिनींनी विनवण्या सोडल्या आणि बकुळीचा वाढदिवस करायचं काढलं. आमंत्रण देताना म्हणाल्या, "रोप लावताना घातलेलं ते रेशमी जाकीट घालूनच या हं. त्या वेळच्या फोटोत काय रुबाब दिसतो तुमचा!"

दिनकरराव खुलले. पोट आत ओढून त्यांनी कशाबशा गुंड्या लावल्या आणि ऐटीत आले. भाषणासाठी त्यांनी दीर्घ श्वास घेतला मात्र, मधली गुंडी ताडकन उडून पेढ्यांच्या ताटात पडली. सगळे खो खो हसले. दिनकरराव घाईघाईने जाकीट उतरवू लागले.

"असू द्या की," वहिनी म्हणाल्या, "तुमच्या भल्यासाठीच शिवलं होतं ना?"

"अहो वहिनी, जीव गुदमरतोय माझा!"

"तुम्हाला ओरडता तरी येतं, भाऊजी. बकुळीनं कुणाला सांगायचं?"

हसू थांबलं. दिनकररावांनी बकुळीच्या खोडाकडे पाहिलं, मग हातातल्या जाकिटाकडे.

"वेल्डरला बोलवा," ते म्हणाले. त्या दिवशीचं त्यांचं भाषण तेवढंच झालं.