फरशीवर आखलेला खड्डा

एकदा एक वृद्ध मध्यस्थ होता, सोयरिकी जुळवणारा. सोपान नावाचा त्याचा शिष्य होता. त्याच गावात विणकरांच्या आळीत रत्नमाला नावाची मुलगी राहत होती, आणि पेठेत एक धान्याचा व्यापारी होता. त्याच्या मुलाला ती मनापासून आवडली होती.

रत्नमाला पैठणी विणायची. तिचा माग खड्ड्याचा. जमिनीत खड्डा खणलेला, काठावर बसून पाय आत सोडायचे, पायांनी पावड्या दाबायच्या आणि हाताने धोटा फेकायचा. बाप गेल्यावर त्याच मागावर तिने आईला सांभाळलं होतं. तिची अट एकच, सासरी माग चालू राहिला पाहिजे. आधीची स्थळं याच अटीवर मोडली होती, आणि आता हेही गेलं तर पुढे कोण विचारणार, म्हणून आई धास्तावली होती.

ती अट घेऊन सोपान पेठेत गेला. व्यापाऱ्याची बायको मोठी लाघवी. तिने त्याला पोटभर खाऊ घातलं आणि म्हणाली, "मागाचं काय एवढं, करू की ॲडजस्ट." सोपानने तो शब्द उचलला आणि विणकरांच्या घरी जसाच्या तसा नेऊन पोचवला. आईने देवापुढे साखर ठेवली. पहिली सोयरीक आपल्या हिमतीवर जुळली म्हणून सोपान हवेत होता. वृद्धाने मात्र एवढंच विचारलं की ॲडजस्ट म्हणजे काय करणार. सोपान हसला. बाबा, हा शब्द तर शेंबड्या पोरालाही कळतो, म्हणाला.

सुपारी फोडायचा दिवस उजाडला. दोन्हीकडची माणसं व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात बसली. फरशी नवी, आरशासारखी. सुपारी फुटली की शब्द पक्का, मग माघार नाही. ती फोडायचा मान वृद्धाचा. त्याने ताटातली सुपारी उचलली आणि सरळ आपल्या कोपरीच्या खिशात टाकली.

कुणाला काही कळेना. वृद्ध उठला, देवघरातल्या धुपाटण्यातला विझलेला कोळसा घेतला आणि फरशीच्या मधोमध एक लांबट चौकट आखली. मग त्याने सोपानला वखारीतून पहार आणायला पाठवलं.

पहार आली तशी व्यापाऱ्याची भुवई चढली. सुपारी फोडायला बोलावलं होतं की घर फोडायला, असं त्याने विचारलं. मुलीची आई पांढरीफटक पडली. म्हाताऱ्याला चळ लागला, पोरीचं जमलेलं मोडणार, एवढंच तिच्या मनात.

वृद्ध शांतपणे म्हणाला, "माग ॲडजस्ट करायचं ठरलंय ना? त्याला खड्डा लागतो. सोपान, मार."

सोपानला पहार उचलवेना. तेवढ्यात व्यापाऱ्याची बायकोच पुढे आली.

"अहो, खड्डा कसला? पोरगी करील ॲडजस्ट, असं म्हटलं होतं मी. माग विकून टाकायचा. तिला काय कमी आहे इथे?"

रत्नमाला उठली, पदर खोचला, आईला म्हणाली, "चल." नवरा मुलगाही तिच्यापाठोपाठ उभा राहिला. सोपानला वाटलं, फरशी दुभंगावी आणि आपण आत जावं.

वृद्धाने दोघींना हाताने थांबवलं आणि यजमानीणबाईंकडे वळला. "माई, तुम्ही या घरात आलात तेव्हा काय ॲडजस्ट केलंत?"

ती खाली बघत बोलली. "माहेरी माझी बालवाडी होती. ओसरीवर पोरं बसायची. इथे आले, सासूबाई म्हणाल्या ॲडजस्ट कर. केलं. मला त्या शब्दाचा तेवढाच अर्थ ठाऊक आहे, बाबा."

तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. वृद्धाच्या हातातला कोळसा घेतला, पदराने फरशीवरची चौकट पुसली आणि मागच्या पडवीत गेली. सगळे तिच्यामागे. तिथे पोत्यांची थप्पी होती आणि खिडकीतून स्वच्छ उजेड येत होता. थप्पीसमोर वाकून तिने नवी चौकट आखली. "इथे खणा. हिला रंग नीट दिसतील."

"आणि माझी पोती?" व्यापारी म्हणाला.

"तुम्ही करा ॲडजस्ट."

आधी रत्नमाला हसली, मग सगळेच. वृद्धाने खिशातून सुपारी काढली आणि फोडली.

परतताना सोपानची मान वर होईना. वृद्ध म्हणाला, "अरे, सिंपल लग्न म्हणजेही एका घरी फक्त दोन हार, दुसऱ्या घरी सारं गाव जेवायला. ही इंग्रजी नाणी सगळ्यांच्या खिशात आहेत, पण प्रत्येकाने त्यांची किंमत आपापल्या आयुष्यात ठरवलेली असते. माईंनी लबाडी केली नाही. त्यांच्या वाट्याला जे आलं तेच त्या बोलल्या. शब्द पोचवणं हे आपलं काम नाही, सोपान. त्या शब्दाने कुणाच्या घरातलं काय हलणार आहे, ते दोघांना एकाच जागी उभं करून दाखवणं, हे आपलं काम."

लग्न थाटात झालं. आता त्या पडवीत दिवसभर धोटा वाजतो. पोती हलल्यामुळे उरलेल्या जागेत माईंची बालवाडी भरते, आणि पोरं मागाच्या ठेक्यावर पाढे म्हणतात. व्यापाऱ्याच्या घराला जसं सुख लाभलं, तसं ते तुम्हाआम्हालाही लाभो.