केकवरचे झेंडे

डेन्मार्कमधल्या एका पक्षाचे अध्यक्ष होते होल्गर ब्रास्क. 'जे या मातीतलं नाही, ते इथे नको,' ही त्यांची घोषणा सभांमध्ये टाळ्या घ्यायची आणि पक्षाच्या कचेरीत अंगावर काटा आणायची. कारण ब्रास्क ज्याच्याकडे बघून हसत, त्याची खुर्ची दुसऱ्या दिवशी रिकामी असे.

त्यांच्या वाढदिवसाला कार्यकारिणी जमली. तिथल्या रिवाजाप्रमाणे केकवर कागदी राष्ट्रध्वज खोचले होते. हातात सुरी घेऊन ब्रास्क उपाध्यक्ष इंगरबाईंकडे बघून हसले. बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

"इंगरबाई, तुमची आई पोलंडची, असं कानावर आलंय. आपला नियम काय आहे?"

इंगरबाई म्हणाल्या, "जे या मातीतलं नाही, ते इथे नको."

"मग पाळा की."

"पाळते, साहेब," म्हणत त्या उठल्या आणि केकवरचा एकेक झेंडा उपटू लागल्या.

"हे काय चालवलंय?" ब्रास्क गरजले.

"नियम पाळतेय. आपला हा झेंडा शेकडो वर्षांपूर्वी एका लढाईत आभाळातून पडला, ही गोष्ट आपण सगळे शाळेत शिकलो. पण ती लढाई झाली एस्टोनियात. म्हणजे झेंडाही बाहेरचाच. आधी तो जाऊ दे, मग मी जाते."

कोणी हसलं नाही. तेवढी कोणाची छातीच नव्हती.

"खोचा ते परत," ब्रास्क शेवटी पुटपुटले.

इंगरबाईंनी झेंडे खोचले आणि आपल्याच खुर्चीत जाऊन बसल्या. त्यानंतर ब्रास्क त्यांच्याकडे बघून कधी हसले नाहीत.